पट्टीवरचं पाणी आणि रिफातसाहेबांचा कालवा

या हकिकतीतली पहिली चूक माझी आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी सांगितली तर ती उगाच मोठी होते.

अबू धाबीजवळ मुसफ्फाच्या यार्डात लागून मला दुसराच आठवडा होता. मी रिगर म्हणून आलो होतो. रिगर म्हणजे जड वस्तूला दोर, साखळ्या बांधून ती उचलायला, सरकवायला मदत करणारा माणूस. कोकणात आम्ही त्याला सरळ खलाशी म्हणतो. यार्डाच्या धक्क्याला एक लहान बार्ज लागली होती. बार्ज म्हणजे सपाट तळाचा लोखंडी तराफाच. तिच्यावर पाइप रचले होते आणि भरती पूर्ण झाली की टगबोट तिला ओढून नेणार होती. आमचे फोरमन जोसेफभाई, केरळचे. त्यांनी सहज विचारलं, "यहाँ किसी को पानी का टाइम मालूम है क्या?" भरतीचा छापील तक्ता ऑफिसात होता आणि ऑफिस जेवायला गेलं होतं.

मला मालूम होतं! आठवीत शाळा सोडल्यापासून सात वर्षं मी दाभोळच्या खाडीत वाळूच्या होडीवर काढली होती. आमच्याकडे भरतीचं गणित सगळ्यांना येतं. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, जे येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. खोलीच्या भिंतीवर मी गावाहून आणलेलं कॅलेंडर लावलं होतं, त्यात त्या दिवशी षष्ठी. सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. मी छातीठोक सांगितलं, "साडेचार बजे फुल पानी."

जोसेफभाईंनी टग साडेचारला बोलावला. पाणी अडीचपासूनच उतरू लागलं. मी मनात म्हटलं, परत फिरेल, तिथी खोटी कशी ठरेल? साडेचारला बार्ज चिखलात बसली होती, एका अंगावर कलून, दमलेल्या म्हशीसारखी. टगवाला लांब उभा राहून भोंगा वाजवत होता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी माझ्या बुटांकडे.

तेव्हा रिफातसाहेब आले. यार्डातले इजिप्शियन इंजिनिअर, उंच, टकलाला फडकं गुंडाळलेलं. इजिप्तची माणसं इंजिनिअरला 'बाशमुहंदिस' म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. त्यांनी बार्ज बघितली, मला बघितलं आणि विचारलं, "किसने बोला साडेचार?"

"मैंने," मी म्हटलं.

"कैसे निकाला?"

मी तिथीचं गणित सांगितलं. ते सांगताना माझं मलाच ते देवळातल्या पुराणासारखं वाटू लागलं. रिफातसाहेब इतके हसले की डोळे पुसायला डोक्यावरचं फडकं काढावं लागलं. म्हणाले, "हबीबी, तेरा चाँद सही है. समंदर दूसरा है."

परत पाठवतील म्हणून मी त्या दिवशी खोलीवर जाऊन बॅगसुद्धा भरून ठेवली. कुणी पाठवलं नाही. जोसेफभाईंनी रिपोर्टात लिहिलं, 'पाण्याचा अंदाज चुकला.' कोणाचा, ते लिहिलंच नाही. ते पुढे दोन वर्षांनी गावी गेले आणि माझ्याकडून त्यांचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

दुसऱ्या दिवशी रिफातसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी उभाच राहिलो. त्यांनी चहा पुढे सरकवला आणि कागदावर एक उभी रेघ ओढली. वरच्या टोकाला म्हणाले, हे पोर्ट सैद, खालच्या टोकाला सुएझ. मध्ये त्यांचं गाव इस्माइलिया. एकच कालवा, पण वरच्या तोंडाला भरती जेमतेम वीतभर चढते आणि खालच्या तोंडाला माणूस बुडेल एवढी. जहाजाला वाट दाखवायला जो माणूस चढतो तो पायलट. अर्ध्या कालव्याचा पायलट इस्माइलियाला उतरतो आणि पुढच्या अर्ध्याला दुसरा चढतो, कारण दोघांना पाणी वेगवेगळं माहीत असतं. "मेरा बाप पायलट था," ते म्हणाले. "वो बोलता था, जिसको सब पानी मालूम है, उसको जहाज मत दो."

मग त्यांनी सांगितलं की अबू धाबीच्या या पाण्याला दिवसातून दोन भरत्या येतात खऱ्या, पण एक थोरली आणि एक धाकटी. माझी षष्ठीची भरती धाकटी होती, आणि तिची वेळही आपल्या किनाऱ्याची नव्हती. आणि मला नेमून दिलं: रोज, ड्यूटीत असशील तेवढा वेळ, पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं.

मी एक सहा फुटी लाकडी पट्टी घेतली, तिच्यावर लाल-पांढरे पट्टे रंगवले आणि धक्क्याच्या शिडीला बांधली. लिहिणं मला जड जायचं, आकडे मात्र येत होते. रिफातसाहेब जाता-येता ओरडायचे, "दत्ता, पानी कितना?" मी खालून ओरडायचो. अशी अठरा वर्षं गेली. वह्या किती झाल्या ते आमच्या सौ. वनिताला विचारा, कारण त्या ठेवायला तिच्या कपाटातला एक खण गेला.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा असं संपादक बाईंनी सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, बाई, इथे ऑफिसवाले एवढे शिकलेले लोक आहेत, माझ्या कामात सांगण्यासारखं काय? एकच दिवस आहे. बाई म्हणाल्या, तोच लिहा. म्हणून लिहितो.

त्या दिवसाआधी आमचं काम जरा समजावून सांगायला हवं. समुद्रातून गॅस काढतात त्यासाठी लोखंडी इमारती लागतात. त्या जमिनीवर बांधतात आणि आख्ख्याच्या आख्ख्या बार्जवर चढवून पाठवतात. आमच्या वाडीतली सगळी घरं कौलांसकट एकावर एक रचली तरी एवढं वजन भरणार नाही. ही इमारत शेकडो चाकांच्या गाडीवर ठेवतात आणि गाडी धक्क्यावरून बार्जवर इंचा-इंचाने चालवतात. आता होडीत एखादा जाडा माणूस चढला की होडी कशी खाली जाते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथेही तेच. पुढची चाकं चढली की बार्ज दबते. मग बार्जच्या पोटात आधीच भरून ठेवलेलं पाणी पंपांनी बाहेर काढायचं, म्हणजे ती परत वर येते. वर चढणारी भरती हीदेखील मदतच. धक्का आणि बार्ज यांच्यात चार बोटांपेक्षा जास्त फरक पडता कामा नये. पडला तर चाकं लटकतात, गाडी कलते, इमारत कलते. त्यापुढचं मी कधी बघितलेलं नाही आणि बघायचंही नाही.

हे पाण्याचं आणि पंपांचं काम करायला परदेशातून खास लोक यायचे. त्यांचा मुख्य एक वयस्कर गोरा कॅप्टन होता, माणूस चांगला, भेटला की माझ्या पट्टीला सलाम करायचा. काही वर्षांपूर्वी आमची एक मोठी इमारत तयार झाली. ती जाणार होती इजिप्तला, सुएझ कालव्यातून पलीकडच्या समुद्रात. नेमकं तेव्हा वरच्या कंपन्यांचं आपसांत काही बिनसलं आणि लोडिंगला तीन आठवडे उरलेले असताना कॅप्टनच्या टोळीला परत बोलावलं गेलं.

कॅप्टन निघताना रिफातसाहेबांना भेटायला धक्क्यावर आला. मी शिडीवर होतो, ऐकलं. तो म्हणाला, "हे तुम्ही स्वतः करायला जाऊ नका. दुसरी टोळी येईपर्यंत थांबा. कोणाला तरी इजा होईल." कुत्सितपणे नव्हे, काळजीने म्हणाला. हस्तांदोलन करून गेला.

पण थांबणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. दुसरी टोळी तीन महिन्यांनी येणार होती. इमारत वेळेत गेली नाही तर पुढचं काम दुसऱ्या यार्डाला जाणार, आणि काम गेलं की आधी आमच्यासारखे जाणार. मला तेव्हा वनिता आणि मुलगी सई यांना इकडे आणून चार वर्षं झाली होती. मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. सई नववीत. मी स्वतः आठवी सोडलेला. माझ्या व्हिसाबरोबर तिची शाळा सुटणार, तीही नववीतून. एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात सारखी फिरत होती.

त्या संध्याकाळी रिफातसाहेब धक्क्यावर बसून राहिले. मी चहा नेला. म्हणाले, "दत्ता, ये जुमला मेरे बाप ने भी सुना था. बिलकुल यही जुमला."

त्यांची हिंदी मोडकी, माझी त्याहून मोडकी, म्हणून पुढचं मी मराठीतच सांगतो.

त्यांचे वडील आधी पोर्ट सैदच्या बंदरात टगबोट चालवायचे. कालवा इजिप्तच्या जमिनीत, खणताना मेले तेही बहुतेक इजिप्तचेच, पण कारभार सगळा परदेशी कंपनीचा. छप्पन साली इजिप्तच्या सरकारने कालवा ताब्यात घेतला. तेव्हा जगभर एकच बोललं गेलं, हे लोक कालवा घेतील, पण जहाजं कशी चालवतील? महिना-दीड महिन्यात बहुतेक परदेशी पायलट एकदम काम सोडून निघून गेले. ग्रीक पायलट मात्र बरेचसे राहिले. हे रिफातसाहेब दर वेळी आवर्जून सांगायचे. "सब गोरा एक जैसा नहीं, दत्ता, लिख ले."

दोन्ही तोंडांना जहाजं खोळंबली होती. जे थोडे इजिप्शियन पायलट होते त्यांनी झोप सोडली. टगवाल्यांना, बंदरातल्या माणसांना घाईघाईने शिकवून कामाला लावलं, त्यात यांचे वडील. पहिलं जहाज हातात आलं तेव्हा त्यांचा सदरा घामाने असा भिजला होता की जहाजाच्या कप्तानाने विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाही का? एक जहाज जरी वाळूत रुतलं असतं तरी जगाने म्हटलं असतं, बघा, आम्ही सांगितलं नव्हतं? वडिलांच्या हातचं एकही रुतलं नाही.

मग हत्यारं आली. तीन देशांच्या फौजा चालून आल्या, पोर्ट सैदवर बॉम्ब पडले. रिफातसाहेब तेव्हा आईच्या पोटात. आईने मासेमारीच्या होडीतून पोर्ट सैदमागचं मोठं सरोवर ओलांडलं. आणि पुढे चमत्कार असा, की लढाईत ज्यांचा हात वर होता त्यांनाच परत जावं लागलं, कारण अमेरिका आणि रशिया, एकमेकांचं तोंड न बघणारे, दोघांनीही डोळे वटारले. सगळ्या जगाने पाहिलं की इंग्रजांसारख्या जुन्या मालकांना आता दुसऱ्याला विचारल्याशिवाय काठीही उचलता येत नाही. आफ्रिकेत, आशियात जे अजून त्यांच्या हाताखाली होते त्यांना जोर चढला. देश सुटत गेले. पंधरा वर्षांत इंग्रजांनी सुएझच्या पूर्वेकडच्या आपल्या फौजा आवरत्या घेतल्या. पूर्वेकडे म्हणजे इथेसुद्धा. ते इथून गेले आणि या किनाऱ्यावरच्या छोट्या छोट्या अमिराती एकत्र येऊन हा देश झाला.

"तो दत्ता," रिफातसाहेब चहाचा घोट घेऊन म्हणाले, "तेरा वीजा किसने निकाला? मेरे बाप ने निकाला!"

मी हसलो. ते मात्र पुढे जरा गंभीर झाले. म्हणाले, आमच्या घरात तेव्हा वाटायचं, आता सगळी दुनिया आमच्याकडे बघून चालणार. काही वर्षं तसं झालंही, या भागात शिकवायला मास्तर आमचेच आले. मग सदुसष्टची लढाई हरलो, कालवा आठ वर्षं बंद पडला, गाव रिकामं झालं, आणि तोवर इथल्या वाळूतून तेल वर आलं होतं. "मास्तर लोग का बेटा नौकरी के लिए इधर आ गया. मैं भी."

कालवा बंद होता ते मला माहीत होतं, पण कालवा म्हणून नव्हे. माझे थोरले काका मालवाहू बोटीवर खलाशी होते. मी जन्मलोही नव्हतो तेव्हाची गोष्ट. आजी सांगायची, की एकदा काकांची बोट 'वळशाने' गेली आणि ते शिमग्याला येणारे गणपतीला आले. वळसा कशाला, ते आजीला ठाऊक नव्हतं. तो वळसा आख्ख्या आफ्रिकेला होता, हे मला मुसफ्फाच्या धक्क्यावर समजलं. आता परत कित्येक बोटी तशाच वळशाने जातात असं ऐकतो. कुणाची तरी आजी वाट बघत असेल.

योगायोग असा की सईच्या इतिहासात त्याच महिन्यात हा धडा होता. मी घरी जाऊन मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं, टग, घामाचा सदरा, सरोवर. ती पेन चावत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "Baba, it's only a four-mark question."

दुसऱ्या दिवशी मी हे रिफातसाहेबांना सांगितलं. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "चार मार्क? मेरे बाप का पूरा जिंदगी, चार मार्क?" मग स्वतःशीच म्हणाले, "चलो, ज़ीरो तो नहीं है." आणि तसेच ऑफिसात जाऊन त्यांनी मॅनेजरला सांगितलं की लोडिंग आम्ही करू.

पुढचे तीन आठवडे आम्ही कॅप्टनच्या जुन्या कागदांवरून पंपांची तालीम केली. पंप कोणता कधी, किती वेळ, सगळं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं. माझ्या सगळ्या वह्या वनिताच्या कपाटातून ऑफिसात गेल्या. दोन शिकलेली पोरं त्या कॉम्प्युटरवर चढवत होती आणि मध्ये मध्ये मला विचारत होती, "दत्ता अंकल, ये सात है के एक?"

लोडिंगच्या आदल्या दिवशी मी घरी सांगितलं, उद्या काही चुकलं तर सामान बांधायची तयारी ठेव. सांगायला नको होतं. सकाळी निघताना बघतो तर वनिताने गणपतीची लहान पितळी मूर्ती स्टीलच्या पातेल्यात पाण्यात ठेवलेली. आमच्याकडे संकटात देव पाण्यात घालतात, काम झालं की बाहेर काढतात.

"पाणी किती ठेवू?" तिने विचारलं. "गळ्यापर्यंत की डोक्यावरून?"

"तूसुद्धा पाणी किती विचार," मी म्हटलं. "गळ्यापर्यंत ठेव. श्वास घेऊ दे त्याला."

सकाळी आठला सुरुवात झाली. रिफातसाहेब मध्यभागी, हातात रेडिओ. मी शिडीपाशी, पट्टीजवळ. ज्यांचा माल होता त्यांचा माणूस छापील तक्ता घेऊन उभा. तक्त्याप्रमाणे साडेदहापर्यंत पाणी चढणार होतं. आमच्या कामात एक नियम आहे: 'चालू' म्हणायचा अधिकार एकाच माणसाला, पण 'थांब' म्हणायचा अधिकार सगळ्यांना, झाडूवाल्यालासुद्धा. आणि थांब म्हटलं की आधी थांबायचं, मग विचारायचं. नियम सगळ्यांना पाठ असतो. एवढ्या मोठ्या कामात थांब म्हणायला मात्र जीभ उचलत नाही.

"दत्ता, पानी कितना?"

मी पट्टा वाचून सांगायचो आणि पुढे अरबीतलं 'चला' जोडून म्हणायचो, "पानी ओके, यल्ला." मग गाडी वीतभर सरकायची.

चाकांच्या चोवीस रांगांपैकी आठ बार्जवर गेल्या होत्या. पावणेदहाचा सुमार. कोणीतरी चहाचा कागदी कप पाण्यात टाकला होता, तो सकाळपासून फेसाबरोबर आत आत येत होता. मी पट्टी बघता बघता त्याच्याकडेही बघत होतो, होडीवरची जुनी सवय. तो कप थांबला. जागच्या जागी गोल फिरला. फेसाची रेघही थांबली.

आधीचे तीन दिवस उत्तरेचा शमाल वारा जोरात होता. असा वारा मुसफ्फाच्या खाडीत पाणी आत दाबून चढवून ठेवतो, माझ्या वह्यांत ते कितीदा आलं होतं. पहाटे वारा पडला होता. दाबलेलं पाणी सुटलं असेल, तर आजची भरती तक्त्याएवढी चढणारच नाही. पण हे सगळं मला आता लिहिताना सुचतं आहे. त्या क्षणी मला फक्त कप दिसत होता, आणि चिखलात बसलेली ती जुनी बार्ज. परत चुकलो तर? एवढे लोक, एवढं लोखंड, आणि थांब कोण म्हणतो, तर तिथीवाला दत्ता!

मी दोन्ही हात आडवे पसरले आणि ओरडलो, "स्टॉप! सब स्टॉप!"

गाडी थांबली. सगळा धक्का माझ्याकडे बघू लागला. या वेळी मी बुटांकडे बघितलं नाही, पट्टीकडे बघत राहिलो.

"क्या हुआ?" रेडिओवर रिफातसाहेब.

"पानी खडा हो गया, बाशमुहंदिस."

तक्तेवाला धावत आला. अजून पाऊण तास पाणी चढायला हवं, कागदावर स्पष्ट आहे, थांबायचं कारण काय, असं तो इंग्रजीत भराभर म्हणाला. रिफातसाहेबांनी त्याचं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "दत्ता, पक्का?"

खोटं बोलता आलं असतं. "पक्का नाही, साहेब," मी म्हटलं. मराठीतच तोंडातून गेलं. "लेकिन रुको."

ते थांबले. पंधरा मिनिटं कोणी हललं नाही. पाणी त्याच पट्ट्यावर होतं. आणखी दहा मिनिटांनी लाल पट्ट्याची ओली कड उघडी पडली, दोन बोटं. भरती संपली होती. तक्तेवाल्याने वाकून स्वतः बघितलं, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. गाडी तशीच पुढे गेली असती तर बार्ज खाली जात राहिली असती आणि आम्हाला समजेपर्यंत चार बोटांचा हिशेब मोडला असता.

पण थांबून प्रश्न सुटला नव्हता. इमारत एक पाय धक्क्यावर आणि एक बार्जवर अशी उभी, आणि पाणी उतरत चाललेलं. रिफातसाहेबांनी राखीव पंपही लावायला सांगितले आणि आम्हा सगळ्यांना रेडिओवर म्हणाले, आता भरतीची मदत नाही, जेवढं पंप उचलतील तेवढंच चालायचं. एका वेळी एकच रांग. दत्ता म्हणेल तेव्हा.

दत्ता म्हणेल तेव्हा! मी पट्टी शिडीवरून सोडली आणि धक्का आणि बार्ज यांच्या फटीपाशी उकिडवा बसलो, पट्टी उभी धरून. फरक तीन बोटं, थांबा. अडीच, थांबा. दोन.

"पानी कितना?"

"पानी ओके. यल्ला."

दुपार झाली. कोणीतरी माझ्या तोंडात खजूर कोंबला, ताकाची बाटली लावली. सोळावी रांग, सतरावी. पाय बधिर झाले होते आणि लघवीला जायचंही सुचलं नाही, हे अंकात छापू नका वाटल्यास. तिसऱ्या प्रहरीच्या अजानीचा आवाज आला तेव्हा चोविसावी रांग चढली. बार्ज एकदा हलकीशी डोलली आणि सरळ उभी राहिली.

टाळ्याबिळ्या कोणी वाजवल्या नाहीत. सगळे एकदम जिथे होते तिथे बसले. रिफातसाहेबांनी दहा वर्षांपूर्वी सोडलेली सिगरेट कोणाकडून तरी मागून घेतली, पेटवलीच नाही, नुसती धरून बसले. मग माझ्याजवळ येऊन हेल्मेटवर टपली मारली. "आज तिथी क्या है?"

"मालूम नहीं, साहब. देखा नहीं."

"शाबाश," ते म्हणाले.

मोबाइलवर वनिताचे अकरा मिस्ड कॉल होते. मी फोन लावला आणि म्हटलं, "काढ त्याला बाहेर. झालं." पलीकडून पातेलं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. घरी पोचलो तर गणपती कोरडा करून, नवं जास्वंद वाहून जागेवर बसवलेला, आणि सई म्हणाली, "Baba, so are we staying?" मी म्हटलं, हो. तिने मान डोलावली आणि पुन्हा पुस्तकात घातली. माझ्यासाठी त्या दिवसाचा सगळ्यात मोठा आनंद तोच, ती मान पुस्तकात गेलेली.

कामाचा रिपोर्ट झाला. त्यात लिहिलं होतं, 'पाण्याच्या पातळीत अनपेक्षित बदल वेळेत लक्षात आला.' कोणाच्या, ते लिहिलेलं नाही. जोसेफभाईंची आठवण झाली. एकदा नाव नसल्याने वाचलो होतो, आता नाव नाही म्हणून कुरकुर कशी करू? थोडी केली. वनिताजवळ.

एक मात्र झालं. दुसऱ्या दिवसापासून माझी पट्टी सापडेना. अठरा वर्षांची पट्टी. शिडी बघितली, स्टोअर बघितलं, भंगाराचा ढीग उलथापालथा केला. इमारत बार्जवर पक्की बांधायला मी वर चढलो होतो, तेव्हापर्यंत ती हातात होती एवढं आठवत होतं. शेवटी नवी रंगवली, पण हाताला ती परकीच लागायची.

रिफातसाहेब सुट्टीवर गावी गेले होते. त्यांची ती शेवटचीच सुट्टी, पुढे ते निवृत्त होऊन तिकडेच राहिले. महिनाभराने, शुक्रवारी, आम्ही जेवत असताना त्यांचा फोटो आला. इस्माइलियाजवळ कालव्याचा काठ, निळं पाणी, पलीकडे पिवळी वाळू, आणि मधून आमची इमारत चाललेली, टगच्या मागे, डौलात. मी वनिताला दाखवला, सईला दाखवला. सईने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि म्हणाली, "Baba, what's that red and white thing?"

पहिल्या मजल्याच्या कठड्याला, हिरव्या नायलॉनच्या दोरीने, माझ्याच गाठीने बांधलेली माझी पट्टी. बांधताना तात्पुरती अडकवलेली, तशीच सुएझमधून चालली होती.

फोटोखाली रिफातसाहेबांनी एकच ओळ लिहिली होती: दत्ता, पानी कितना?

माझे हात आमटीचे होते. मी सईला म्हटलं, तू लिही. तिने विचारलं, काय लिहू? मी सांगितलं आणि तिने जसंच्या तसं लिहिलं: पानी ओके, बाशमुहंदिस. यल्ला.